शेवट गोड झाला म्हणून काय बिघडलं?

फँटसी वाचणाऱ्या आपल्या पिढीत एक नवं सोवळं शिरलंय. शेवट दुःखी असेल तर तो ‘धाडसी’. अर्धवट सोडला असेल तर ‘वाङ्मयीन’. चांगलं चाललेलं पात्र कारण नसताना मारलं असेल तर ‘रिअलिस्टिक’. आणि लेखिकेने दोन हजार पानांत उभे केलेले प्रश्न शेवटी नीट सोडवले, माणसांना जिथे पोहोचायचं होतं तिथे पोहोचवलं, तर? तर ती ‘फॅन सर्व्हिस’. तर ‘जरा जास्तच गोड झालं’.

मला हे सोवळं मान्य नाही. का नाही, ते सांगायला मी एकच उदाहरण घेणार आहे: रॉबिन हॉबची ‘द टॉनी मॅन’ ही त्रयी आणि तिचा २००३ साली आलेला शेवटचा खंड ‘फूल्स फेट’. शेवटाबद्दलच बोलायचंय, त्यामुळे शेवट सांगणार. ज्यांना स्पॉयलरचं वावडं आहे त्यांनी इथेच थांबून आधी पुस्तकं वाचावीत. पण एक सांगतो, या पुस्तकाचा शेवट कळला म्हणून तो वाया जात नाही. माझा निम्मा मुद्दा तोच आहे.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी मागचं थोडक्यात. सिक्स डचीज नावाचं राज्य. फिट्झ हा तिथल्या युवराजाचा अनौरस मुलगा. सहाव्या वर्षी आजोबा त्याला सैनिकांच्या दारात सोडून जातो. तबेल्याचा प्रमुख बरिच त्याला घोड्याकुत्र्यांबरोबर वाढवतो आणि चेड नावाचा म्हातारा रात्री गुपचूप त्याला मारेकऱ्याचं शिक्षण देतो. १९९५ ते १९९७ या काळात आलेल्या पहिल्या त्रयीत हा मुलगा राज्यासाठी विष घालतो, मार खातो, तुरुंगात मरतो आणि थडग्यातून परत आणला जातो. तो जिवंत आहे हे अगदी मोजक्या लोकांना ठाऊक. त्याची प्रेयसी मॉली त्याला मेलेला समजते. तिला त्याच्यापासून मुलगी होते, नेटल. त्या दोघींना सांभाळता सांभाळता बरिच आणि मॉली लग्न करतात. फिट्झला हे लांबून, जादूच्या स्वप्नांत दिसतं. आणि तो गप्प बसतो.

‘द टॉनी मॅन’ सुरू होते तेव्हा मध्ये पंधरा वर्षं गेलेली आहेत. फिट्झ आता टॉम बॅजरलॉक आहे, एका झोपडीत राहणारा अबोल माणूस. त्याचा जुना मित्र, राजाचा विदूषक, पुन्हा उगवतो. (मूळ नाव ‘फूल’ आहे, पण देवनागरीत लिहिलं की ते बागेतलं वाटतं, म्हणून मी विदूषकच म्हणणार.) हा विदूषक आता लॉर्ड गोल्डन नावाचा नखरेल, उधळ्या सरदार झालाय. टॉम त्याचा नोकर बनून बक्कीपच्या किल्ल्यात परततो. ज्या किल्ल्यात त्याला राजाचा खुनी आणि मेलेला गद्दार मानतात, तिथल्याच जिन्यांवरून तो मालकाचं सामान वाहतो.

सोंग फुटलं तर काय होईल हे हॉब विसरू देत नाही. प्राण्यांशी मनाने जोडलं जाण्याची एक विद्या आहे, ‘विट’. ती ज्यांच्याकडे आहे त्यांना या राज्यात फाशी देतात, तुकडे करतात आणि वाहत्या पाण्यावर जाळतात. फिट्झकडे विट आहे. राजपुत्र ड्युटिफुलकडेही आहे. वर पायबाल्ड नावाची एक टोळी आहे. ते स्वतः विटवालेच, पण आपल्यातल्याच इतरांना उघडं पाडायच्या धमक्या देऊन जगतात. या त्रयीतलं राजकारण मला खरं वाटतं ते या टोळीमुळे. ज्याला लपावं लागतं, तो दुसऱ्या लपलेल्याला सर्वांत आधी ओळखतो आणि त्याची किंमतही त्यालाच सर्वांत आधी कळते.

तर, सोंगाच्या अशा गोष्टीचा शेवट करायचा कसा? एक रीत आपल्याला तोंडपाठ आहे. दरबार भरलाय, नोकराच्या कपड्यातला माणूस पुढे येतो, कुणीतरी त्याचं खरं नाव पुकारतं, सगळे आ वासतात, खलनायकाचा चेहरा पडतो. कितीतरी सिनेमे याच एका सीनसाठी अडीच तास घालवतात.

काही गोष्टींना हा दरबार लागतोच. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला होता. न. चिं. केळकरांच्या ‘तोतयाचे बंड’ या नाटकाचा तो विषय. तोतयाच्या गोष्टीत प्रश्नच चव्हाट्यावरचा असतो: हा भाऊ आहे की नाही? गादी, दौलत, एका बाईचं कुंकू, सगळं त्या निकालावर टांगलेलं. निकाल लागला की गोष्ट संपली.

फिट्झचं प्रकरण बरोबर उलटं आहे. तोतया मेलेल्याचं नाव घेऊन जगतो. फिट्झ जिवंत असून स्वतःचं नाव मेलेलं ठेवतो. त्याला गादी नकोय. दरबाराने त्याला ओळखलं काय, न ओळखलं काय, त्याच्या सोंगाने ज्यांचं आयुष्य वाकलं ती माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत आणि त्यातलं एकही दरबारात बसत नाही. म्हणून ‘फूल्स फेट’मध्ये दरबारातला गौप्यस्फोट नाही. सोंग उतरतं ते एकेका माणसापुढे, वेगवेगळ्या वेळी, बहुतेकदा अवघडलेल्या अवस्थेत. आणि दर वेळी कुणीतरी चिडतं.

नेटलचं बघा. फिट्झ तिचा जन्मदाता. पंधरा वर्षं तिच्या आसपास फिरकलेला नाही. पण स्वप्नांत तो तिला भेटतो आणि तिथेही स्वतःच्या रूपात नाही. ती त्याला छायालांडगा म्हणून ओळखते. म्हणजे बापाने स्वतःच्या मुलीच्या स्वप्नात जातानासुद्धा वेषांतर केलंय! शेवटी ती बक्कीपला येते, सत्य कळतं. तिथे गळाभेट नाही. तिला राग येतो, आणि त्यातला मोठा भाग याचा आहे की आपल्याला सोडून बाकी सगळ्यांना हे माहीत होतं. ‘गोड शेवट’ म्हणणाऱ्यांनी हे प्रसंग वाचले होते की चाळले होते, असा मला प्रामाणिक प्रश्न आहे.

मग बरिच. या त्रयीतला सर्वांत जुना सोंगाड्या फिट्झ नाहीच, बरिच आहे. त्याच्याकडेही विट आहे. ती त्याने आयुष्यभर दाबली, फिट्झला लहानपणी तिच्यापायी मारलं, पुढे स्वतःच्या मुलाला, स्विफ्टला, तिच्यापायी छळलं. स्विफ्ट घर सोडून थेट राजपुत्राच्या मोहिमेत सामील होतो, अस्लेव्जाल नावाच्या बर्फाळ बेटावर. डोळे जवळजवळ गेलेला बरिच त्याला परत न्यायला तिथवर पोहोचतो. त्या बर्फात बरिच आणि फिट्झ समोरासमोर येतात. एकाला वाटतं, मी याचं घर घेतलं. दुसऱ्याला वाटतं, याने माझं घर राखलं. दोघंही बरोबर आहेत, त्यामुळे माफी कोणी मागायची हेच ठरत नाही. आणि मग हाच बरिच, जन्मभर लपवलेली विट उघड्यावर वापरून, मुलाच्या देखत एका दगडी ड्रॅगनपुढे उभा राहतो. त्याला अडवतो. त्या जखमांनी परतीच्या वाटेवर मरतो.

याला गोड म्हणायचं असेल तर म्हणा. पण बरिचच्या मरणाचा ‘ट्विस्ट’ कुणी केलेला नाही. पहिल्या पुस्तकात, १९९५ साली, त्याने लहान फिट्झकडून कुत्र्याचं पिल्लू हिरावून घेतलं तिथपासून ही वाट आखलेली आहे. मागे वळून बघताना ती दिसते. पुढे बघताना दिसत नव्हती.

याच्या शेजारी ‘गेम ऑफ थ्रोन्स’चं २०१९ सालचं शेवटचं सीझन ठेवा. सोंगाचीच गोष्ट घेऊ: आर्या. दोन सीझन खर्चून ती दुसऱ्याचे चेहरे चढवायला शिकली, आंधळी झाली, मार खाल्ला. सातव्या सीझनच्या सुरुवातीला तिने वॉल्डर फ्रेचा चेहरा घालून अख्खं घराणं विष पाजून संपवलं. आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि शेवटच्या सीझनमध्ये? त्या चेहऱ्यांचं काही झालंच नाही. ‘कुणीही नाही’ व्हायला शिकलेली मुलगी पुन्हा ‘कुणीतरी’ कशी होते, हा केवढा मोठा प्रश्न होता. तो विचारलाच गेला नाही, कारण सगळी शक्ती पुढचा धक्का शोधण्यात गेली होती. धक्का बसला खरा. एकदाच बसतो.

मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे तक्रारीचं टिकेट न सोडवता बंद करायची एक सभ्य पद्धत आहे: ‘हे असंच अपेक्षित आहे’ असं लिहून टाकायचं. बऱ्याच ‘मोकळ्या’ शेवटांमागे मला हाच शेरा दिसतो. सगळ्या नाही. प्रश्नच असा असेल की ज्याला उत्तर नाही, तर तो उघडा ठेवणं हेच उत्तर. पण ज्या प्रश्नाच्या जिवावर तुम्ही वाचकाला तीन खंड ओढत नेलंत, त्याचं उत्तर सुचलं नाही म्हणून धुकं पसरायचं आणि त्या धुक्याला खोली म्हणायचं, हे चालणार नाही.

आता माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग. १९९७ साली पहिली त्रयी संपली तेव्हा तिचा शेवट उदासच होता. युद्ध जिंकलेलं, राजा गेलेला, फिट्झ एका झोपडीत लांडग्याबरोबर एकटा. ‘हाच खरा शेवट होता, नंतर हॉबबाई मवाळ झाल्या’ असं म्हणणारे लोक मला भेटलेत. त्यांना मी एका तपशिलाची आठवण करून देतो. त्या त्रयीच्या अखेरीस फिट्झ आपल्या सर्वांत दुखऱ्या आठवणी एका दगडी शिल्पाला, ड्रॅगनवर बसलेल्या मुलीच्या शिल्पाला, देऊन टाकतो. अक्षरशः. जादूने. दुःख कमी होतं. त्याबरोबर बाकीचंही बरंच काही कमी होतं, पण ते त्याला कळत नाही, कारण कळायला जे लागतं तेच तो देऊन बसलाय.

म्हणजे त्या उदास शेवटातलं जे शहाणपण आपल्याला भावलं, तो शांत, विरक्त, काही न मागणारा माणूस, ती विरक्ती नव्हतीच. ती बधिरता होती. टॉम बॅजरलॉक हे सोंग जगासाठी होतंच, पण त्याच्या आत आणखी एक सोंग होतं, आणि ते फिट्झने स्वतःसाठी घेतलं होतं. सहा वर्षांनी ‘फूल्स फेट’मध्ये तो त्याच शिल्पाकडे जातो आणि दिलेलं सगळं परत घेतो. मार, अपमान, तुरुंग, सगळं. ते परत आल्यावरच तो मॉलीकडे जाण्याच्या लायकीचा होतो. दुःख टाकून सुख मिळतं अशी ही गोष्ट असती तर मीही तिला बालिश म्हटलं असतं. इथे सुखाच्या दारात जायचं भाडं म्हणून आधी सगळं दुःख मोजून परत घ्यावं लागतं.

आता विरोधी बाजूला जे द्यायला हवं ते देतो. मॉलीचं पात्र कच्चं आहे. पहिल्या त्रयीत ती फिट्झच्या हट्टाची वस्तू जास्त आणि माणूस कमी होती. इथे ती विधवा, पोरांची आई, मधमाश्या पाळणारी, कष्टाळू बाई म्हणून परत येते आणि मला आवडते, पण तिच्या वाट्याला पानं फार कमी आहेत. विदूषकाशी फिट्झचं जे नातं आहे त्याच्यापुढे हे लग्न फिकं दिसतं, हा आक्षेप जगभरचे वाचक घेतात आणि तो खरा आहे. दुसऱ्या खंडात त्या दोघांचं जे भांडण होतं, विदूषकाच्या प्रेमाला हद्द नाही आणि फिट्झच्या प्रेमाला आहे हे ज्यात उघडं होतं, ते भांडण हॉबने मिटवलेलं नाही. पण यावरून शेवट ‘जास्त गोड’ असल्याचं कसं सिद्ध होतं, ते मला कळत नाही. उलट मधोमध एवढी मोठी चीर ठेवून संपवलेल्या पुस्तकाला तुम्ही गोड म्हणताय.

दुसरा आक्षेप लांबीचा. मोहीम संपते, बर्फात गाडलेला ड्रॅगन आइसफायर सुटतो, आणि त्यानंतरही पुस्तक कितीतरी प्रकरणं चालू राहतं. ‘क्लायमॅक्सनंतर एवढं कशाला?’ कशाला म्हणजे? सोंग चढवायला लेखिकेने दोन खंड घेतले, ते उतरवायला अर्धा खंड नको? विदूषक मेलेला आहे, त्याने स्वतःच भाकीत केलं होतं तसा. फिट्झ त्याचं छळलेलं शरीर शोधून काढतो आणि त्याला परत आणतो, ते करताना काही काळ त्याच्याच शरीरात शिरून त्या वेदना स्वतः भोगतो. दुसऱ्याचा वेष घालणं या गोष्टीचं याहून टोकाचं रूप मी कुठे वाचलेलं नाही. दोन खंड जो माणूस सरदाराचा नोकर असल्याचं नाटक करत होता, तो आता खरोखरच त्याच्या कातडीत आहे. हा प्रसंग क्लायमॅक्सनंतर येतो म्हणून ‘फालतू लांबण’? मग क्लायमॅक्स ओळखायला आपणच चुकतोय. ड्रॅगन उडाला की क्लायमॅक्स, ही सवय आपल्याला पडद्याने लावली.

ड्रॅगनचंही एक सांगायला हवं, कारण वचन पाळणं म्हणजे काय ते तिथे नीट दिसतं. राजकन्या एलियानाची अट असते: आइसफायरचं मुंडकं माझ्या आईच्या चुलीपाशी आणून ठेव, मगच लग्न. ड्रॅगन मारला तर विदूषकाने पाहिलेलं जगाचं भविष्य बुडतं. नाही मारला तर राजपुत्राचा शब्द बुडतो. शेवटी काय होतं? ड्रॅगन स्वतः तिथे येतो आणि आपलं मुंडकं त्या चुलीच्या दगडांवर टेकवतो. अट शब्दशः पूर्ण. मुंडकं फक्त धडाला जोडलेलं आहे. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा लोकलमध्ये उभ्याउभ्या हसलो होतो. याला पळवाट म्हणता येईल. पण ही पळवाट पहिल्या दिवसापासून अटीच्या शब्दांतच होती, आणि आपण सगळे तलवारीकडे बघत होतो.

आपल्या भाषेत ‘समाधान’ हा शब्द दोन कामं करतो. एक शंकासमाधान: प्रश्न विचारला, उत्तर मिळालं. आणि दुसरं, नुसतं समाधान: पोटभर जेवल्यावरचं. ‘एंडिंग एक्सप्लेन्ड’ नावाचे जे व्हिडिओ आपण मालिका संपल्या संपल्या बघतो ते पहिलं काम करतात. कोण मेलं, कोण कोणाचा बाप, तो दगड म्हणजे काय होतं. ‘फूल्स फेट’चं शंकासमाधान चार ओळींत होतं, मी वर जवळपास सगळं सांगून टाकलंय. तरी तुम्ही उद्या पहिल्या खंडापासून सुरुवात केलीत, तर ज्या पानावर नाइटआइज लांडगा मरतो तिथे तुमचं जे व्हायचं ते होणारच आहे. (तो पहिल्याच खंडात मरतो. हेही सांगून टाकलं.)

खुद्द लेखिकेबद्दल एक बारीकशी गोष्ट. रॉबिन हॉब हे तिचं खरं नाव नाही. मार्गारेट अ‍ॅस्ट्रिड लिंडहोम ऑग्डेन हे खरं. आधी ती मेगन लिंडहोम या नावाने लिहायची. रॉबिन हे नाव पुरुषाचंही असतं आणि बाईचंही. ज्या विदूषकाचं बाईपण-पुरुषपण तीन त्रयींमध्ये कुणाला धड ठरवता येत नाही, त्याची गोष्ट या नावाखाली लिहिली गेली. वेगळं नाव घेतल्याने माणूस खोटा होत नाही, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

पुढे २०१४ ते २०१७ मध्ये तिने आणखी एक त्रयी लिहिली आणि तिच्यात तो दरबाराचा सीनही आला: भर दरबारात फिट्झला त्याच्या खऱ्या नावाने ओळखलं जातं, सन्मान होतो. फार सुंदर सीन आहे, माझा घसा दाटला. विरोधक मला तोच दाखवतात: बघ, शेवटी तिलाही दरबार लागलाच. पण तो २०१५ साली आला, बारा वर्षांनी. तोवर नेटलला माहीत आहे, मॉलीला माहीत आहे, बरिच माहीत असताना गेला. त्या दरबारात फिट्झच गोंधळून उभा आहे, कारण जे त्याला हवं होतं ते त्याला केव्हाच मिळालंय, आणि हे सगळे लोक टाळ्या का वाजवतायत ते त्याला नीटसं उमजत नाहीये.

आणि २००३ च्या त्या शेवटातून विदूषक निघून जातो. लॉर्ड गोल्डन संपलेला, भाकितं संपलेली, पुढचं काहीच दिसत नसलेला. मागे तो स्मृतिशिळेत कोरलेली एक छोटी मूर्ती ठेवतो. तिच्यात तिघं आहेत: लांडगा, फिट्झ आणि तो स्वतः. फिट्झ ती मूर्ती घेऊन मॉलीच्या घरी राहायला जातो.